तोडकर, ओढकर आणि गब्बूची गोटी

"पोटाच्या माजघरी, दिवा घेउनी जाई बाई,
डोळ्यानं बघेपर्यंत, हातानं बोलू नाही..."

मुखपट्टीआडून येणारा तो घोगरा, जरासा बेसूर आवाज ओढकरबाईंनी पहिल्यांदा ऐकला, त्याला आता एक जमाना लोटला. तेव्हा त्या ओढकरबाई नव्हत्या. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया शिकायला आलेली एक किडकिडीत पोर होत्या, आणि गाणारी त्यांची गुरुबाई. गुरुबाईंचे हात शाळकरी मुलीएवढे लहान, आणि शस्त्रक्रिया करता करता स्वतःच रचलेलं काहीबाही गुणगुणायची त्यांना खोड. दुर्बीण बेंबीतून आत गेली, पडद्यावर त्या इवल्याशा पोटातला गुलाबी उजेड पसरला, की गुरुबाईंचा गळा सुटलाच. कुणी चिमटा उचलायची घाई केली तर गाणं थांबायचं आणि कोपर बसायचं. गाणं आणि कोपर, दोन्ही बाईंच्या अंगात मुरलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

ओढकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते ठेवलं शस्त्रक्रियागृहातल्या थोरल्या सिस्टरनी. त्याच दिवशी त्याच तोंडानं त्यांनी बाईंच्या नवऱ्याला 'तोडकर' करून टाकलं. दोघं एकाच बालरुग्णालयात, एकाच कामाचे डॉक्टर. एकाच वर्गात शिकले, भांडत भांडत प्रेमात पडले आणि लग्नानंतर प्रेमानं भांडत राहिले. भांडण होतं गोटीवरून.

त्याचं असं आहे. मुलगा आईच्या पोटात असतो तेव्हा त्याच्या गोट्या, म्हणजे पुस्तकातली वृषणं, त्याच्याच पोटात वरच्या अंगाला तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली आपल्या पिशवीत नांदायला येतात. एखादी मात्र माहेर सोडायला तयार नसते. काही महिने वाट बघावी, येतेही. पण मूल सहा महिन्यांचं झालं तरी आली नाही, तर ती आपणहून येण्याची आशा फारशी उरत नाही, आणि पोटातली ऊब तिला मानवत नाही. तिला खाली आणावंच लागतं. अडचण एकच. जिच्यातून तिला रक्त मिळतं ती वाहिनी, तिची दोरी, आखूड असते.

तोडकर म्हणत, आखूड दोरीचे लाड कशाला? छोटीशी क्लिप लावून ती तोडा. गोटीला शेजारच्या नळीच्या अंगानंही बारीक वाहिन्या येत असतात. सहा महिने थांबलं की त्या जाड होतात, मग त्यांच्या भरवशावर गोटी खाली उतरवा.

ओढकर म्हणत, धडधाकट दोरी तोडायची कशाला? गोटी अलगद समोरच्या बाजूला, म्हणजे डावी असेल तर उजवीकडे, न्या आणि पोटाच्या आतल्या भिंतीला एका टाक्यानं बांधा. ताणलेल्या दोरीवर आतडी येता-जाता रेलतात, ती रोज कणाकणानं लांबते. तीन महिन्यांनी टाका सोडा आणि उतरवा खाली, मूळ दोरीसकट.

दोन्ही पद्धती दुर्बिणीच्या, दोन्ही दोन टप्प्यांच्या, दोन्हींत टिकलीएवढी भोकं. पण घरात वाद असा चाले, की जणू नदीच्या पाण्यावरून दोन गावं भांडताहेत.

"तुझ्या त्या बारीक वाहिन्या जाड झाल्याच नाहीत तर?" बाई टोस्टला लोणी लावता लावता विचारत. "गोटी सुकून मनुका होईल!"

"आणि तुझा टाका सुटला तर? वाळत घातलेला सदरा वाऱ्यानं पडावा तशी पडेल आतल्या आत."

"माझा टाका? माझा टाका सुटलाय कधी?"

"गर्वाचं घर खाली."

"गोटीचंही घर खालीच असतं. म्हणून तर आणायची ना?"

शेवटी रुग्णालयानंच दोघांना कामाला लावलं. म्हणे, भांडताच आहात तर दोघांची मुलं शेजारी शेजारी मांडून तुलना तरी करा, शल्यचिकित्सकांच्या संमेलनात वाचता येईल. त्यांनी केली. दोघांचीही बहुतेक मुलं खणखणीत निघाली. सुकलेल्या गोट्या बाईंकडे थोड्या कमी, तर तोडकरांकडे टाका सुटण्याचा प्रश्नच नव्हता. गोटी फार वर असेल तर तोडकरांचा मार्ग सोपा, जरा खाली असेल तर बाईंचा. इतक्या थोड्या मुलांवरून निकाल लावू नये, असं शेवटी दोघांनी सही करून लिहिलं आणि संमेलनातून परतताना गाडीत पुन्हा निकालावरूनच भांडले.

अशा या सुखी घरात एका सकाळी ठिणगी आली.

ठिणगी म्हणजे तोडकरांची धाकटी बहीण. नाव तिला लहानपणी पडलं आणि मोठेपणी ते तिनं सार्थ केलं. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, दिवसभर ओरडणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. आणि कडेवर गब्बू. पहिल्या वाढदिवसाचा केक नुकताच तोंडाला फासून झालेला, गालांमुळे डोळे बारीक दिसणारा, भेटेल त्याचं नाक पकडणारा.

"दादा, वहिनी, दोघं बसा," तिनं गब्बूला जेवणाच्या टेबलावर ठेवला, जणू दुरुस्तीला आणलेलं घड्याळ. "याची डावी गोटी गायब आहे. आमच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं, हाती लागत नाही. म्हणाले, पोटात असणार. म्हणाले, तुमच्या घरातच दोन दोन कारागीर असताना माझ्याकडे कशाला आलात?"

बाईंनी हात धुतले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि गब्बूला गुदगुल्या करत करत तपासलं. उजवी जागेवर होती. डावीकडची पिशवी सपाट, रिकाम्या खिशासारखी. गब्बूनं त्यांचं नाक पकडलं.

"पोटातच आहे," नाकातून बोलत त्या म्हणाल्या.

"मग सांगा. कसं करायचं? तोड की ओढ?"

तोडकर खाकरले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटतं... ओढ बरी."

बाईंनी चमकून नवऱ्याकडे बघितलं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "छे, याच्यासाठी तोडच बरी."

गब्बूनं चमच्यानं टेबल बडवलं.

"काय म्हणालात?" ठिणगीनं विचारलं.

"दोरी शाबूत राहते," तोडकर म्हणाले.

"टाका सुटायची भीती नाही," बाई म्हणाल्या.

"थांबा, थांबा. ब्रेक!" ठिणगीचा उजवा पाय खरोखरच जमिनीवर आपटला. "लग्न झाल्यापासून तुम्ही दोघं माझं डोकं उठवताय, माझी पद्धत थोर, माझी पद्धत थोर. आणि माझ्या पोराची पाळी आली तेव्हा दादाला वहिनीची आठवली, वहिनीला दादाची? म्हणजे स्वतःच्या दुकानातला माल घरच्याला द्यायचा नाही, असंच ना?"

"अगं तसं नाही..."

"मग कसं? सांग ना वहिनी, कसं?"

बाई गब्बूचा सदरा सारखा करायला लागल्या. तोडकर गब्बूचा मोजा शोधायला टेबलाखाली गेले आणि मोजा हाती लागला तरी वर येईनात.

ठिणगीनं गब्बूला उचललं. "दोघांनाही स्वतःच्या कामाची खात्री नाही, हे मला कळलं. थँक्यू. मी थांबते. मोठा होईल, पळेल, उड्या मारेल, उतरेल आपोआप. एवढ्या जणांना गाडी शिकवते मी, चढावर अडकलेली गाडी न्यूट्रलला टाकली की येतेच खाली."

"ही गाडी नाहीये गं!" बाई ओरडल्या. पण दार लागलं होतं.

त्या दिवशी रुग्णालयात बाईंचं लक्ष लागेना. त्यांना माहीत होतं, ठिणगी एकदा थांबली की थांबली. आज नाही, उद्या नाही, नवरा आल्यावर बघू, पावसाळा जाऊ दे, दात येऊ देत. असं करता करता गब्बू शाळेत जाईल. तोवर ती गोटी पोटातल्या उबेत निकामी होत जाईल. एक मूल, एक गोटी आणि हातातून सुटणारे महिने. आणि हे सगळं कशामुळे, तर बाईंच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे.

का निघालं ते? स्वतःला फसवण्यात अर्थ नव्हता. त्या घाबरल्या होत्या. परक्याच्या मुलाच्या पोटात टाका घालताना त्यांनी कधी दुसरा विचार केला नाही. पण नणंदेच्या मुलाचा टाका सुटला असता, तर जन्मभर प्रत्येक जेवणावळीत तो टाका ताटाशेजारी वाढला गेला असता. तोडच बरी. नवऱ्याच्या हातून काही झालं, तर ते भाऊ-बहीण निस्तरतील. इतका साधा, इतका कोता विचार. बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

पण तोडकर? ते का म्हणाले ओढ? चहाच्या खोलीत त्यांनी नवऱ्याला गाठलंच.

"तू का म्हणालास तसं?"

"कसं?"

"वेड पांघरू नकोस. ओढ बरी म्हणालास."

तोडकरांनी चहात बिस्किट बुडवलं, ते मोडून आत पडलं, मग ते चमच्यानं त्याचा शोध घेत राहिले. "बहिणीसमोर बायकोचं कौतुक केलं तर घरात शांती राहते."

"म्हणजे तू माझ्यावर मेहेरबानी केलीस?"

"तसं समज."

बाई पाय आपटत निघून गेल्या. भांडणात हरवणारा नवरा त्यांना चालला असता. जिंकू देणारा नवरा म्हणजे जखमेवर मीठ. पण जिन्यात त्या थबकल्या. कानात कुठून तरी तो घोगरा, बेसूर आवाज आला, आणि बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

डोळ्यानं बघेपर्यंत हातानं बोलू नाही! अहो, त्यांनी बघितलं कुठे होतं? गोटी पोटात आहे एवढंच माहीत. किती वर, दोरी किती आखूड, हे दुर्बीण आत गेल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही आधी बघू म्हणाला असता. आणि दोन मुरलेले सर्जन, लग्नात अक्षता वाटाव्या तशा पद्धती वाटत बसले होते, एकमेकांच्या.

दुसऱ्या दिवशी त्या ठिणगीच्या गाडीत जाऊन बसल्या. मागच्या सीटवर, कारण पुढे एक घामाघूम आजोबा गाडी शिकत होते.

"वहिनी, मी कामात आहे. आजोबा, आरसा बघा!"

"मी खोटं बोलले," बाई म्हणाल्या.

"डावीकडे घ्या. कशाबद्दल?"

"तोड बरी म्हणाले ते. मी घाबरले होते. काही चुकलं असतं तर तू मला आयुष्यभर बोलली असतीस."

"बोललेच असते," ठिणगीनं प्रामाणिकपणे सांगितलं. "क्लच, आजोबा, क्लच!"

गाडी दोन आचके देऊन बंद पडली. आजोबांनी आरशातून बाईंकडे बघितलं. "कुणाचं काय तोडायचंय?"

"तुम्ही पुढे बघा," दोघी एकदम म्हणाल्या, आणि मग दोघींना हसू फुटलं.

ठिणगीनं मागे वळून बघितलं. डोळ्याखाली काळं होतं. झोपली नव्हती ती. "वहिनी, खरं सांग. मला भीती वाटते ती भूल देण्याची नाही, टाक्याची नाही. तुम्ही दोघं इतकं जाणता, आणि तुम्हीच चाचरलात. शेजारी बसलेला मास्तरच डोळे मिटून घ्यायला लागला, तर शिकणाऱ्यानं कुणाकडे बघायचं?"

बाईंना तिचा हात हातात घ्यावासा वाटला, पण मध्ये सीटची पाठ होती. त्यांनी खांद्यावर ठेवला. "उद्या माझ्याबरोबर चल. तुला दाखवते आम्ही काय बघतो ते."

रुग्णालयाच्या सरावखोलीत एक खोका असतो. वरून रबरी कातडं, त्यात भोकं, आत मटारचे दाणे, रबराचे तुकडे, दोऱ्या. शिकणारी मुलं त्यावर दिवसच्या दिवस हात बसवतात. बाईंनी ठिणगीच्या एका हातात दुर्बीण दिली, दुसऱ्यात लांब दांड्याचा चिमटा. आत एक मटार रबरी दोरीला चिकटवून ठेवला होता.

"तो दाणा म्हणजे गब्बूची गोटी. उचल."

ठिणगीनं चिमटा उजवीकडे नेला, पडद्यावर तो डावीकडे गेला. "हे उलटं आहे!"

"भोकातून हात चालवला की उलटंच असतं. तुझे शिकाऊ गाडी मागे घेताना करतात ना, तसं."

दहा प्रयत्नांत तिनं दोन मटार चिरडले आणि एक खोक्याच्या कोपऱ्यात हरवला. मग तिनं जीभ दातात धरली, आणि एकदाचा दाणा चिमट्यात आला.

"आता हळूच समोरच्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत ने. पोचतो?"

"पोचतो."

"पोचला तर दोरी पुरेशी लांब, एकाच खेपेत खाली आणता येते. ना तोड, ना ओढ." बाईंनी आखूड दोरीचा दुसरा दाणा लावला. "हा ने."

दाणा जरा अलीकडेच अडला. रबर ताणलं.

"हा थोडक्यात राहिला. याला मी तिथेच भिंतीला बांधून ठेवीन, ताणीन. आणि समज तो पार वरच अडकलाय, हलतच नाही. मग तुझ्या दादाची पद्धत. आम्ही परवाच हे बोलायला हवं होतं. आधी बघायचं, मग ठरवायचं. ते सोडून आम्ही एकमेकांना मान देत बसलो, दारात दोन पाहुणे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तसं."

"आणि मी दाराबाहेर पोराला घेऊन उभी."

"हो."

ठिणगीनं चिमटा खाली ठेवला.  "चालेल. पण माझी एक अट आहे. आत एकानंच गाडी चालवायची. तू. दादा दुर्बीण धरेल. आणि त्यानं तोंड उघडायचं नाही."

तोडकरांनी अट ऐकली आणि एका शब्दानंही हरकत घेतली नाही. थोरल्या सिस्टरनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ठिणगीनं गब्बूला आतपर्यंत कडेवर नेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळे 'झोपाळे' म्हणत. गब्बूनं त्यांचं नाक पकडलं आणि नाक धरल्या धरल्याच झोपी गेला. ती मूठ सोडवायला दोघं लागले. ठिणगी बाहेर गेली, दारातून पुन्हा आत डोकावली, सिस्टरनी दार लावलं.

बेंबीतून दुर्बीण आत गेली. दिवे मंद झाले, पडदा उजळला. मऊ, ओलसर, गुलाबी अंगण. चकाकती आतडी एकमेकांवर रेलून पहुडलेली. तोडकरांचा हात दगडासारखा स्थिर. बाईंनी चिमट्यानं आतड्याचा पडदा हळूच बाजूला सारला, आणि ती दिसली. पिशवीकडे जाणाऱ्या दरवाजाच्या जरा वर, आडोशाला बसलेली, मोत्यासारखी. रुसून बसलेली पण अगदी निरोगी.

"अगं बाई," थोरल्या सिस्टर पुटपुटल्या, "इथे लपलीये सोनी."

बाईंनी तिला अलगद धरून समोरच्या बाजूच्या, उजव्या दरवाजाकडे नेलं. ती आली, आली, आणि बोटभर अलीकडे थांबली. दोरी ताठ झाली. पुन्हा एकदा, हलक्या हातानं. तेवढंच. एका खेपेचं काम नव्हतं. आणि इतकी वरही नव्हती, की दोरीवर पाणी सोडावं.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मुखपट्टीवरचे दोन डोळे. तोंड उघडायचं नाही ही अट त्यांनी पाळली, पण मान हलवली. एकदाच, खाली.

मग बाईंनी ती पोचत होती तिथेच, समोरच्या भिंतीवर, कमरेच्या हाडाच्या जरा वर आणि आतल्या अंगाला जागा निवडली. टाका आत शिरला, गोटीच्या टोकाच्या कोवळ्या पदराला धरून बाहेर आला. आता गाठ. या क्षणी त्यांना ना नणंद आठवली, ना जेवणावळ. फक्त सुई, दोरा आणि पडद्यावर काठोकाठ भरलेली ती एक गोष्ट. गाठ बसली. दोरी पोटातून आडवी गेली, झोपाळ्याच्या दोरीसारखी, आणि आतडी सावकाश तिच्यावर येऊन टेकली.

"तोडकर गप्प बसून शस्त्रक्रिया झाली," झोपाळे म्हणाले. "आज कॅलेंडरवर खूण करा."

पुढचे तीन महिने मात्र सगळ्यांची परीक्षा होती. टाका आत होता, दिसत नव्हता. ठिणगीचे फोन यायचे.

"वहिनी, सोफ्यावरून पडला. सुटला असेल का?"

"रडला?"

"नाही, हसला. सोफाच रडतोय."

"मग काही नाही."

"वहिनी, आज चालायला लागला! ताणतंय का गं आत? चालताना वाकडा दिसतोय."

"पहिल्यांदा चालणारी सगळीच मुलं दारू प्यायल्यासारखी चालतात."

फोन ठेवल्यावर बाई स्वतः मात्र बराच वेळ हात चोळत बसत. सुटला असेल का? सोफा, पायऱ्या, खोकला. तोडकर शेजारून जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवत आणि काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडत. मग म्हणत, "कुकर लावू का?"

"तुला काही सांगायचंय का?"

"हो. कुकर लावायचाय."

तीन महिन्यांनी गब्बू चालत आला. सिस्टरच्या बोटाला धरून, छाती काढून, जणू त्याचंच रुग्णालय. आत दिवे पुन्हा मंद झाले. दुर्बीण आत गेली आणि बाईंनी श्वास रोखला.

समोरच्या भिंतीवर ती होती. जिथे बांधली होती तिथेच. गुलाबी, टपोरी, किंचित मोठीही झालेली. आणि आडवी गेलेली दोरी आता ताठ नव्हती. सैलावली होती, मधे झोळ पडला होता. बाईंनी टाका कापला, चिमट्यानं गोटी उचलली आणि तिच्या खऱ्या घराकडे नेली. ती गेली. न ओढता, न अडता, जणू इतके दिवस तीही निरोपाचीच वाट बघत होती. नव्या वाटेनं खाली, पिशवीत, दोन छोटे टाके घालून बसवली. बाईंनी मनगटाच्या बाजूनं डोळे टिपायला हात उचलला, तोच सिस्टर ओरडल्या, "निर्जंतुक! हात खाली!" आणि त्यांनी स्वतःच कापसानं बाईंचे डोळे पुसले.

बाहेर ठिणगीला काही सांगावं लागलं नाही. बाईंचा चेहरा बघून तिनं आधी वहिनीला मिठी मारली, मग भिंतीला टेकून मनसोक्त रडली, मग जहाजावर फोन लावून इतक्या मोठ्यानं ओरडली, की वाट बघत बसलेल्या सगळ्या आयाबापांना कळलं, गब्बूची गोटी घरी आली. एका अनोळखी बापानं टाळ्याही वाजवल्या.

दुपारी चहाच्या खोलीत बाई एकट्याच बसल्या होत्या. पाय समोरच्या खुर्चीवर, टोपी मांडीवर. तोडकर आत आले. दार लावलं. कधी लावत नसत. दोन कप भरले, एक बाईंसमोर ठेवला, आणि उभेच राहिले.

"बस की."

"उभाच बरा आहे."

"आता तरी सांगशील? त्या दिवशी ओढ का म्हणालास? आणि बायकोचं कौतुक वगैरे ऐकवू नकोस. तुझ्या तोंडून कौतुक गेल्या वर्षी एकदाच ऐकलं, तेही इस्त्रीवाल्याचं."

तोडकर हसले. मग हसू ओसरलं. कपाच्या कानाशी बोट चाळवत राहिले.

"तुलना लिहिताना तुझ्या सगळ्या शस्त्रक्रियांची चित्रणं बघावी लागली मला," ते म्हणाले. "चुका काढायलाच बसलो होतो. एकदा बघितली. मग पुन्हा बघितली. मग तू घरी नसताना बघायला लागलो."

बाईंनी पाय खुर्चीवरून खाली घेतले.

"तोडायला हिंमत लागते असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. पण तुझं ते बांधून ठेवणं आणि वाट बघणं... त्याला जास्त लागते. कळलं होतं मला. कधीच कळलं होतं. फक्त तुला सांगितलं, तर भांडायचं कशावरून?"

"हे सांगायला एवढे महिने लागले तुला?"

"हे नाही." त्यांनी कप ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. कान लाल झाले होते, पहिल्या वर्षाच्या मुलासारखे. "जेवणाच्या सुट्टीत सरावखोलीत जातो मी. रबरावर करून बघतो. सुई जाते, पदर धरता येतो, पण तुझी ती शेवटची गाठ... माझी दर वेळी घसरते. म्हणून गब्बूला हात लावायचं धाडस नव्हतं, आणि माझी पद्धत त्याला द्यायची इच्छा नव्हती." आणि मग, एका दमात, बायकोच्या डोळ्यांत बघत ते म्हणाले, "मला शिकवशील का ती?"